तालमीतला दगड आणि भरतीचे मैदान
(कोल्हापूर जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, विजेचे बिल, पाणीपट्टी या विषयांवर पुढचे वक्ते बोलतील. आमच्या वाट्याला आलेला विषय जरा वेगळा आहे. गावोगाव बैठका संपल्या, सतरंजी गुंडाळायला घेतली, की कोणीतरी बाप हळूच जवळ येतो आणि विचारतो, "साहेब, पोरगं भरतीला उभं राहतंय. त्याला कुठल्या अकॅडमीत टाकू?" मागे उभी असलेली आई विचारते, "त्याला खायला काय घालू?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा आला, की एकदा सगळ्यांसमोर बोललेले बरे.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्हीच एका गावात भरतीच्या पोरांचा सराव सुरू केला. पहाटे पाचला शिट्टी आणि सगळी पोरे डांबरी रस्त्यावर. रोज पळायचे, आठवड्याचे सातही दिवस. बारीक पोरगा असो की जाडजूड, सगळ्यांना तेच माप. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेलो. माती न तपासता साऱ्या शिवाराला खताची एकच मात्रा देणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणतो, आणि माणसांच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले. त्यातला एक पोरगा नडगी दुखते म्हणत होता. आम्ही म्हणालो, "पळ, मोकळी होईल." महिनाभराने फोटो काढला तेव्हा हाडाला बारीक चीर गेलेली दिसली. तो बरा होईपर्यंत भरती होऊन गेली, आणि पुढच्या वेळी वय निघून गेले. त्याचा बाप आज या सभेत मागे बसला आहे. तो आम्हाला कधी एक शब्दही बोलला नाही. म्हणून आज आम्हीच बोलतो आहोत.

आता मैदानावर मागतात काय ते नीट पाहू. आपला जिल्हा लष्कराच्या कोल्हापूर भरती कार्यालयाखाली येतो. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या अलीकडच्या सूचनापत्रांप्रमाणे मैदानावर चार गोष्टी असतात. पहिली, १.६ किलोमीटर धावणे. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत आला तर ६० गुण. ५ मिनिटे ३१ सेकंद ते ५ मिनिटे ४५ सेकंद लागले तर ४८. दुसरी, बीम म्हणजे आडव्या दांडीला लोंबकळून हनुवटी वर काढणे. दहा काढले तर ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१ आणि सहाला १६. तिसरी, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे. चौथी, नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत जाणे. या शेवटच्या दोन्हींना गुण नाहीत, पण पार करावेच लागतात. नियम बदलत असतात, तेव्हा ज्या वर्षी उभे राहायचे त्या वर्षीचे सूचनापत्र स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

आता या आकड्यांचा हिशोब करा, कारण हिशोब न केल्यामुळेच शेतकरी बुडतो. ५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत, आणि अशा सलग चार. एक सेकंद उशीर झाला की १२ गुण गेले. दुसरीकडे बघा. पोरगा वर्षभर नुसता पळतो, बीमला मात्र सहावर अडकतो. त्याचे २४ गुण तिथेच गेले. तो म्हणतो, "अजून पळतो." अरे, पळून बीम कसे वाढेल?

शेतीशास्त्रात एक नियम शिकवतात. लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. जमिनीत जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्याच्यावर पीक अडते. जस्त कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. अंगाचेही तसेच आहे. कोणाचा दम कमी, कोणाची पकड कमी, कोणाच्या कमरेत जोर नाही. जे कमी आहे ते आधी शोधा. माती परीक्षण करतो तसे पहिल्या दिवशी पोराचे परीक्षण करा: १६०० मीटरला किती वेळ लागतो, बीम किती निघतात, किती फूट उडी जाते. वहीत तारीख घालून लिहा. ती वही हेच तुमचे खरे सर्टिफिकेट.

आता येतो वजनाचा प्रश्न. शहरातल्या जिममध्ये हल्ली केटलबेल नावाचा लोखंडी गोळा दिसतो. गोल पोट, सपाट बूड आणि वर धरायला जाड कडी. दिसायला किटलीसारखा, म्हणून हे नाव. हा गोळा मूळचा रशियाचा. तिथे त्याला गिर्या म्हणतात. बाजारात धान्य तोलायला जी वजने होती, तीच उचलून शेतकऱ्यांची पोरे ताकद अजमावू लागली. त्यांचे जुने माप पूड, म्हणजे सुमारे १६ किलो, म्हणून आजही हे गोळे १६, २४, ३२ अशा चढत्या मापात मिळतात. पुढे सोव्हिएत लष्कराने तो सैनिकांच्या व्यायामात घेतला. अमेरिकेच्या लष्कराने २०२२ पासून अधिकृत केलेल्या चाचणीत सैनिकाला ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोचे, दोन गोळे दोन हातांत घेऊन पळावे लागते. २०२५ मध्ये ती चाचणी बदलली, पण हा भाग ठेवला.

हे ऐकून कोणाला वाटेल की आता रशियाचे आणि अमेरिकेचे खूळ आले. तसे नाही. कोल्हापूरच्या जुन्या तालमीत जा. कोपऱ्यात दगडाचा एक पोकळ गोल पडलेला दिसेल, आत धरायला दांडी कोरलेली. ती नाल. शेजारी लाकडी करेल असेल, मुद्गल असेल. आपल्याकडचे मुद्गल एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी विलायतेला नेले आणि तिथल्या पलटणींना त्याची कवायत शिकवली. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, मोतीबाग आणि गंगावेशीच्या तालमींचे नाव देशभर झाले, ते अशाच दगडांवर आणि लाकडांवर घाम गाळून. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावाआधी 'सैनिक' हा शब्द लागला, तोही कुठल्या अकॅडमीच्या पाटीमुळे नव्हे.

पण नुसता अभिमान धरून भरती होत नाही. इथे खाशाबा जाधवांची गोष्ट ध्यानात घ्या. मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा कुस्ती गादीवर होती, नियम वेगळे होते. त्याला सहावे स्थान मिळाले. मग त्याने त्या नियमांचा सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले. ताकद मातीतलीच होती, पण परीक्षा ज्या गादीवर होती तिची तयारी वेगळी करावी लागली. तुमचेही तेच आहे. वजन उचलणे ही मशागत आहे. धावणे आणि बीम हे पीक आहे. नुसती मशागत करून पीक येत नाही.

अभ्यासकांनी केलेले प्रयोगही हेच सांगतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांनी आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, १२ किंवा १६ किलोचा गोळा झुलवला. त्यांची पायांची ताकद आणि उडी दोन्ही वाढली. डेन्मार्कमध्ये नोकरदारांवर झालेला असाच एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत त्यांचे मानेचे आणि कमरेचे दुखणे कमी झाले, पण दम मात्र वाढला नाही. म्हणजे खड्ड्याची उडी, कंबर आणि पकड यांसाठी वजन, दमासाठी धावणेच. गोळा झुलवला की पळायला नको, असे कोणी सांगितले तर त्याच्यापासून लांब राहा.

इथे काही वडीलधारे म्हणतील, "आमचं पोरगं दिवसभर रानात राबतंय. मोळ्या उचलतंय, पाणी पाजतंय. त्याला आणि व्यायाम कशाला?" भावांनो, राबणे आणि तयारी यांत फरक आहे. रानातल्या कामाला माप नसते. भांगलताना दोन-दोन तास पाठ वाकलेली, मोळी नेहमी एकाच खांद्यावर, टोळी घाईत असली की विश्रांती नाही. त्याने माणूस काटक होतो, पण झिजतोही. व्यायामात ओझे मोजलेले असते, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि दमल्यावर थांबायचे असते. ज्या दिवशी पोराने रानात मोळ्या वाहिल्या, त्या दिवशी त्याला वजन देऊ नका. तो दिवस भरला.

मायबहिणींनो, तुम्हाला एक गंमत सांगतो. दोन हातांत दोन वजने घेऊन ताठ चालणे या व्यायामाला साहेबांच्या जिममध्ये 'फार्मर्स वॉक' म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याची चाल. पैसे भरून लोक ती शिकतात. विहिरीवरून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन येणाऱ्या बाईला तिचे पैसे आजवर कोणी दिले नाहीत.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. लिहून घ्या.

वजन कुठून आणायचे? विकतचा गोळा लागतोच असे नाही. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये कोरडी वाळू भरली की साधारण आठ किलो होते, दहा लिटरच्या कॅनमध्ये सोळा किलो. बैठका मारायला आणि घेऊन चालायला एवढे पुरते. पण असा कॅन झुलवू नका. त्याचा दांडा प्लास्टिकचा, तुटला तर समोरच्याचे डोके फुटेल. झुलवायला ओतीव लोखंडच हवे. आपल्या कोल्हापुरात फाउंड्री कमी आहेत का? शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनांवर वाढलेला हा धंदा आहे. गावच्या तालमीने मिळून ८, १२ आणि १६ किलोचे गोळे ओतून घ्यावेत. कडी गुळगुळीत घासून घ्यावी, म्हणजे तळहात सोलणार नाही. एका गावाला असे दोन-दोन गोळे पुरतात. ते कोण्या एकाच्या घरात ठेवू नका, तालमीत ठेवा.

कुठल्या वजनाने सुरुवात करायची? पंचावन्न-साठ किलोच्या पोराने आठने करावी. बाराला महिन्याने जावे, सोळाला त्याच्याही नंतर. जो पहिल्या दिवशी सोळा उचलून दाखवतो, तो चौथ्या दिवशी कंबर धरून बसतो.

पहिले चार आठवडे. आठवड्यातून तीन दिवस वजन, एक दिवसाआड. पहिला धडा वाकण्याचा. वाकायचे ते कमरेतून नव्हे, खुब्यातून. पाठ सरळ, गुडघे थोडे सैल, बूड मागे. भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहून बुडाने भिंतीला शिवण्याचा सराव करा, म्हणजे कळेल. मग गोळा जमिनीवरून आठ वेळा उचलून ठेवायचा, अशा पाच फेऱ्या. दुसरे, गोळा छातीशी धरून पाच बैठका, चार फेऱ्या. तिसरे, दोन हातांत वजन घेऊन चाळीस पावले ताठ चालणे, चार वेळा. चौथे, बीमला नुसते लोंबकळणे, वीस सेकंदांपासून सुरुवात. उरलेल्या दिवसांपैकी तीन दिवस सावकाश धावणे, बोलता येईल इतक्या वेगाने, आणि शक्यतो बांधावर, कच्च्या रस्त्यावर किंवा मैदानात. डांबरावर नाही. एक दिवस पूर्ण सुट्टी.

पाचवा ते आठवा आठवडा. आता झुलवणे. दोन्ही हातांनी गोळा पायांच्या मधून मागे न्यायचा आणि खुब्याच्या झटक्याने छातीइतका वर येऊ द्यायचा. हाताने ओढायचा नाही. हात म्हणजे नुसता दोर. दहा वेळा झुलवून श्वास शांत होईपर्यंत थांबायचे. अशा पाच फेऱ्यांपासून दहापर्यंत जायचे. समोर कोणी उभे राहू द्यायचे नाही. बीमसाठी एक, मग दोन, मग तीन असे काढायचे, मध्ये विश्रांती घ्यायची, पुन्हा एकपासून सुरू करायचे. ज्याला एकही निघत नाही, त्याने स्टुलावर चढून हनुवटी दांडीवर ठेवावी आणि सावकाश खाली यावे. धावण्यात आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, प्रत्येकी साधारण पंचाऐंशी सेकंदांत, मध्ये तीन मिनिटे विश्रांती. बाकीचे दोन दिवस सावकाशच.

नववा ते बारावा आठवडा. वजन फक्त दोन दिवस. बीम एक दिवसाआड. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण चाचणी: १६०० मीटर, मग बीम, मग नऊ फुटांचा खड्डा, मग नागमोडी पट्टी, आणि आकडे वहीत. मैदानाच्या आधीच्या आठवड्यात वजनाला हात लावायचा नाही. पीक तयार झाल्यावर शेवटचे पाणी तोडतात, तसे.

एक नियम सगळ्यांवर राहील. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. वजन वाढवले तर फेऱ्या तितक्याच, फेऱ्या वाढवल्या तर धावणे तितकेच. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, किंवा कमरेतून पायात कळ जात असेल, तर त्या दिवशी थांबायचे आणि डॉक्टरला दाखवायचे. "पळ, मोकळी होईल" असे आता आम्ही कोणाला म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

खाण्याचे विचारले होते. महागडे डबे आणू नका. भाकरी, डाळ, मोडाची उसळ, शेंगदाणे आणि गूळ, दूध, आणि खात असतील त्यांना अंडी. रात्रीची झोप सात-आठ तास. रोप वाढते ते रात्रीच्या वेळी, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मोबाईल उशाला घेऊन बारापर्यंत जागणाऱ्याला कुठलाच व्यायाम लागू पडत नाही. आणि ताकदीची सुई किंवा धावण्याआधी वेदनेची गोळी देणारा कोणी भेटला, तर त्याला गावातून घालवा. ती गोळी दुखणे घालवत नाही, दुखण्याचा आवाज बंद करते. मग पोरगा मोडलेल्या हाडावर पळतो.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. लष्करी पोलिसांत शिपाई म्हणून मुलींची भरती २०१९ साली सुरू झाली आणि पहिली तुकडी २०२१ मध्ये बेंगळूरुहून शिकून बाहेर पडली. त्यांना १.६ किलोमीटर धावणे, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी आहे. राज्याच्या पोलीस भरतीत धावण्याबरोबर मुलींना चार किलोची गोळाफेक आहे. हाच सराव त्यांना चालतो. अडचण व्यायामाची नाही, जागेची आहे. तालमीत मुलींना वेळ आणि दार मोकळे नसते. प्रत्येक गावाने सकाळचा एक तास त्यांच्यासाठी ठेवावा, आणि तो तास कोणी मोडणार नाही हे गावातल्या बायकांनी पाहावे.

शेवटचे बोलतो, आणि ते गोड नाही. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त चारांतला एक कायम होतो. बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतात. ती योजनेच्या घोषणेत सुमारे ११ लाख ७१ हजार सांगितली होती, पेन्शन नाही. आमचे आजोबा, काके पलटणीत गेले तेव्हा घरामागे एक जण पेन्शनीत असला की शेतीचा तोटा भरून निघायचा. तो हिशोब आता तसा राहिलेला नाही. म्हणून अकॅडमीच्या फीसाठी जमिनीचा तुकडा विकू नका, म्हैस विकू नका, सावकाराच्या दारात जाऊ नका. पोराला उभे करा, पण बारावी, पदवी, हातातले काम सोडून नव्हे. निवड झाली तर गावाने मिरवणूक काढावी. नाही झाली, तर पोरगा ताठ पाठीने आणि धड गुडघ्यांनी घरी आला पाहिजे. त्याच्यापुढे अजून चाळीस वर्षे आहेत.

तेव्हा या मेळाव्यातून तीन कामे घेऊन जा. गावच्या तालमीचे कुलूप काढा आणि तिथे वजने ठेवा. मैदानात दांडी रोवा आणि ४०० मीटर फितीने मोजून चुन्याची रेघ ओढा. आणि प्रत्येक पोरापोरीच्या नावाची एक वही घाला. ज्या पोराविषयी आम्ही सुरुवातीला बोललो, तो आता आपल्या गावातल्या पोरांच्या वह्या लिहितो. कोण दुखण्यावर पळतो आहे हे त्याला चालीवरून कळते. त्याला आम्ही शिकवले नाही. ते त्याला आमच्या चुकीने शिकवले.

पुढच्या मेळाव्याला येताना त्या वह्या घेऊन या. आम्ही त्या पाहणार आहोत.